लेटरबॉक्सवर तुझं नाव आहे का?

ताई,

लग्नाला सव्वा वर्ष झालं. लग्नानंतर आम्ही जेमतेम तीन आठवडे एकत्र होतो, मग तो जर्मनीला परत गेला. व्हिसा होऊन मी इथे श्टुटगार्टला आले, त्याला आता आठ महिने होतील. त्याने इथे दोन वर्षं मास्टर्स केलं आणि आता दीड वर्ष नोकरी करतोय, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर. मी फिजिओथेरपिस्ट आहे. भारतात हॉस्पिटलमध्ये होते, पेशंट माझं नाव घेऊन विचारत यायचे. इथे मला कोणी ओळखत नाही आणि मला काही येत नाही.

नवरा वाईट नाही, हे आधी सांगते. उलट सगळं तोच करतो. डॉक्टरची अपॉइंटमेंट, घरी येणारी पत्रं, बँक, विजेचं बिल. मी दिवसभर घरात. तो साडेसहाला दमून येतो, मी सकाळपासून कोणाशी बोललेली नसते, म्हणून मी बोलत सुटते आणि मग कशावरून तरी वाजतं. गेल्या महिन्यात दारावर एक लाकडी पाटी लटकत होती. मला वाटलं कोणीतरी चुकून अडकवली, मी ती काढून शेजारच्या दाराला लावली. ती केअरवोखंची पाटी होती, जिना साफ करायची पाळी. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, बराच वेळ बोलल्या, मला अक्षर कळलं नाही. मी नुसती सॉरी, सॉरी म्हणत राहिले. संध्याकाळी त्याने खाली जाऊन माफी मागितली आणि वर आल्यावर म्हणाला, ‘साधी पाटी वाचता येत नाही का?’ त्या रात्री मी जेवले नाही.

आईला सांगावं तर ती घाबरते. सासूबाई रोज व्हिडिओ कॉल करतात, त्यांना सगळं छान चाललंय म्हणून सांगते. तो म्हणतो, तुला इथे काय कमी आहे? खरंच काही कमी नाही. मग रडू का येतं? काही महिने माहेरी जाऊन राहू का? की आमचं लग्नच घाईत झालं?

– नाव छापू नका

*

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. लग्न घाईत झालं का, हे आत्ता ठरवायला बसू नकोस. आत्ता ते कळणारही नाही. तुम्ही एकत्र राहून आठ महिने झालेत आणि या आठ महिन्यांत तो तुझा नवरा कमी, दुभाष्या, कारकून आणि खजिनदार जास्त होता. दिवसभर ऑफिस करून आल्यावर घरात हे तीन हुद्दे सांभाळणारा माणूस चिडका वाटणारच. आणि ज्याच्याशिवाय आपल्याला डॉक्टरकडेही जाता येत नाही, त्याच्याशी मोकळेपणाने भांडतासुद्धा येत नाही. म्हणून पाटीच्या त्या रात्री तू भांडली नाहीस, न जेवता झोपलीस. नवरा-बायको म्हणून तुमचं कसं जमतंय हे बघायचं असेल, तर बाकीची कामं आधी त्याच्या अंगावरून उतरली पाहिजेत. ती तू उतरवायचीस. मला सांगायचं आहे ते एवढंच, पुढे फक्त कसं ते लिहिते.

‘तुला काय कमी आहे’ याचं उत्तरही त्यातच आहे. आठ महिन्यांपूर्वी तुझ्या हातात नोकरी होती, पगार होता, पेशंट होते. आज तुझ्या नावाने तिथे काय चालतं? रडू येतं ते याचं. यात कृतघ्नपणा कसला आलाय?

आता खाली जा आणि लेटरबॉक्स बघ. त्यावर कोणाचं नाव आहे? माझा अंदाज, फक्त त्याचं आडनाव. तुझा पासपोर्ट लग्नाआधीचा असेल तर तुझी सगळी कागदपत्रं माहेरच्या आडनावाने असणार. तिकडच्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर बहुधा नसतोच. रस्ता, घराचा नंबर आणि माणसाचं नाव. पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र आलं तिथे परत. आणि तो देश अजून पत्रांवर चालतो. पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग, झाली की टॅक्सचा ११ आकडी नंबर पत्राने येतो. रेसिडेन्स कार्डाचा पिन पत्राने. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात. यातलं तुझ्या नावाचं काय काय हातात पडलं ते आठवून बघ. घरमालकाला सांगून पेटीवर आणि खालच्या बेलवर, दोन्हीकडे, तुझं आडनाव लावून घे. तोवर कागदाची पट्टी चिकटव. टॅक्स नंबरचं पत्र हुकलं असेल तर तो केंद्रीय टॅक्स कार्यालयाकडून परत मागवता येतो, आणि तोही पत्रानेच येतो. म्हणून आधी पट्टी.

पत्रं येतात तेव्हा तू घरी असतेस. तरी ती टेबलावर संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहतात ना? आजपासून ती तू उघडायची. मोबाइलचा कॅमेरा धरला की भाषांतर दिसतं, कामापुरतं ते बरं असतं. सगळं वाचायची गरज नाही. वर कोणाकडून आलंय ते बघ. मग मजकुराच्या आधीची ठळक ओळ, तो विषय. मग मजकुरात ‘बिस त्सुम’ शोध, त्याच्यापुढे तारीख असते, ती मुदत. शेवटी रक्कम आहे का ते बघ. वहीत चार रकाने कर: कोणाकडून, कशाबद्दल, कधीपर्यंत, किती. संध्याकाळी त्याच्या हातात पत्र द्यायचं नाही, वही दाखवायची आणि विचारायचं, ‘बरोबर आहे का?’ पत्र तेच, पण तू आता ते त्याच्याकडून वाचून घेत नाहीस, आपलं काम तपासून घेतेस.

कदाचित पहिलं पत्र रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंच निघेल, रुंडफुंकबाइट्राग म्हणतात ती. घरात टीव्ही नसला तरी ती भरावी लागते, पण एका घरामागे एकदाच. नवरा भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवला की तुझं काम झालं. वेबसाइटवर एक फॉर्म आहे. सुरुवातीला हात बसायला याच्याइतकं बिनधोक काम मिळणार नाही. चुकलं तर फार तर अजून एक पत्र येईल.

त्या पाटीचा सल तुझ्या मनात बराच खोल गेलाय, म्हणून सांगते. केअरवोखं ही तुमच्या त्या भागातली, श्वाबियन लोकांची रीत. श्टुटगार्ट शहराने सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण भाडेकरारांत ती टिकून राहिली. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा, मग पाटी पुढच्या दाराला. उत्तरेकडून आलेला एखादा जर्मन माणूसही ती पाटी हातात घेऊन बुचकळ्यात पडेल. तेव्हा ‘वाचता येत नाही का’ हे त्याचं बोलणं चुकीचं होतं आणि ते तू त्याला शांतपणे सांगायला हवंस. त्या पाटीवरची अक्षरं वाचून कोणालाच काही कळत नाही, ते कोणीतरी सांगावं लागतं. त्याला आधीपासून माहीत होतं, त्याने सांगितलं नव्हतं.

बाईंच्या बाजूने बघितलंस तर तू न झाडता पाळी पुढे ढकललीस! त्या का चढून आल्या ते यावरून कळेल. माफी मात्र त्याने मागायला नको होती. भाव त्याचा चांगला असेल, पण बाईंच्या लेखी तू आता वरच्या मजल्यावरची मुकी सून झालीस. पुढच्या वेळी पाटी आली की शनिवारी सकाळी बादली घेऊन जिन्यात उतर, त्या दिसतील अशा बेताने. ‘गुटन मॉर्गन’ म्हण. ‘इश लेर्न नोख डॉइच’, मी अजून जर्मन शिकतेय, एवढं एक वाक्य पाठ कर. बाई बोलतील, तुला निम्मं कळणार नाही, चालेल. कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे हे त्यांनाच विचार. प्लास्टिक-पॅकिंग, कागद, जैविक, उरलेला, हे सगळं त्यांना तोंडपाठ असेल आणि सांगायला आवडेल. एक मीच सांगून ठेवते, काचेच्या बाटल्या रविवारी कंटेनरमध्ये टाकायला जाऊ नकोस. आवाज होतो म्हणून रविवारी ते चालत नाही आणि मग वेगळ्या बाई वर येतील.

भाषेचं असं झालंय की ब्लू कार्डवाल्याची बायको म्हणून तुला ए-वनची, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पायरीची, परीक्षा न देता येता आलं. बाकी बऱ्याच जणींना ती देऊनच व्हिसा मिळतो. तेव्हा त्या वैतागतात, पण उतरल्यावर दुकानात, बसमध्ये तोंड उघडू शकतात. तुझी ती पायरी राहून गेली, एवढंच. मोबाइलवरचं अ‍ॅप पुरणार नाही, कारण अ‍ॅप तुला घराबाहेर काढत नाही. इंटिग्रेशन कोर्स म्हणून सरकारी अभ्यासक्रम असतो, साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास तिथला कायदा, इतिहास, व्यवहार. शेवटी बी-वनची, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा. तुला तो मिळतो का आणि कसा, हे रोटेब्यूलप्लाट्झच्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे प्रौढांसाठी वर्ग चालवणाऱ्या संस्थेत, स्वतः जाऊन विचार. सकाळचाच वर्ग घे. त्यात वेगवेगळ्या देशांतून तुझ्यासारख्याच आलेल्या बायका असतील, तुमच्यात समान भाषा म्हणजे मोडकं जर्मन. त्यांच्याशी बोलताना लाज वाटत नाही. आणि साडेसहाला नवरा येईल तेव्हा तूही कुठूनतरी आलेली असशील, तुझ्याकडेही सांगण्यासारखं काही असेल. माझ्या मते सगळ्या सल्ल्यात हे सगळ्यात जास्त कामाचं आहे.

त्यालाही वर्गात बसव. ऑफिस इंग्रजीत चालत असेल तर त्याचं जर्मन कितपत आहे कोण जाणे. ब्लू कार्डवाल्याला कायमचा परवाना २७ महिन्यांनी मागता येतो, बी-वन असेल तर २१ महिन्यांनीच. हे गणित त्याला लगेच पटेल.

कामाबद्दल अमेरिकेतल्या कोणीतरी तुला सांगितलं असेल की डिपेंडंटला नोकरी करता येत नाही. ते तिकडच्या एच-फोर व्हिसाचं. तिथेही काहींना वेगळी परवानगी मिळते, पण तो त्यांचा प्रश्न. तुझं रेसिडेन्स कार्ड काढ आणि त्यावर ‘एअरवेर्ब्सटेटिशकाइट एरलाउब्ट’ असं लिहिलंय का बघ. लिहिलेलं असणार. म्हणजे कुठलीही नोकरी कर, परवानगी आहे.

फक्त फिजिओथेरपी हा तिथे कायद्याने बांधलेला व्यवसाय आहे. तुझ्या शिक्षणाला मान्यता मिळाल्याशिवाय तुला तो करता येत नाही, ते पदही लावता येत नाही. आरोग्य क्षेत्रातल्या मान्यतेचं काम तुमच्या राज्यात श्टुटगार्टचं रेगीरुंग्सप्रेझीडियुम, म्हणजे विभागीय सरकारी कार्यालय, बघतं. ते तुझा अभ्यासक्रम तासांसकट त्यांच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी ताडून बघतात. कमी पडलं तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. भाषा सहसा बी-टू, म्हणजे बी-वनच्या पुढची पायरी, लागते, आणि ते रास्तच आहे, टेबलावर झोपलेला पेशंट कुठे दुखतंय ते तुला जर्मनमध्येच सांगणार. वेळ लागेल, वर्ष-दीड वर्ष धरून चाल. पण त्या लोकांना फिजिओथेरपिस्ट कमी पडतायत, तेव्हा हा रस्ता अर्ध्यात सोडू नकोस. तोपर्यंत जवळच्या टुर्नफेराइनमध्ये नाव घाल. प्रत्येक वस्तीत असे व्यायामाचे क्लब असतात, पाठीच्या व्यायामाचा वर्ग हमखास असतो. गुडघा, खांदा, श्वास सोडा, वाकू नका, हे शब्द तुला तिथे पुस्तकाशिवाय येतील, कारण समोर काय चाललंय ते तुला शिकवणाऱ्या बाईइतकंच कळत असेल.

बँकेत स्वतःचं खातं उघड. कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही निदान साधं खातं मिळण्याचा हक्क २०१६ पासून तिथल्या कायद्यात आहे. घरखर्चाची ठरलेली रक्कम दर महिन्याला त्यात आपोआप जमा होऊ दे, मागायला लागता कामा नये. पुढे नोकरी लागली आणि पहिला पगार हास्यास्पद वाटला तर तुमचा टॅक्स वर्ग तपास, दर महिन्याला पगारातून किती टॅक्स कापायचा ते त्यावरून ठरतं. नवरा तीनमध्ये आणि तू पाचमध्ये असाल तर तुझ्या पगारातून जास्त कापलं जातं, वर्षाच्या शेवटी एकत्र विवरणपत्रात हिशेब जुळतो. ‘एवढ्याशा पैशांसाठी कशाला जायचं’ असं त्या स्लिपवरून कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

सासूबाईंच्या फोनचं कोडं मला वेळेत दिसतं. हिवाळ्यात तुमच्यात आणि भारतात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. तो साडेसहाला घरी येतो तेव्हा तिकडे रात्रीचे दहा-अकरा वाजलेले. त्यांना मुलगा सापडत नाही, म्हणून रोजचा कॉल तुला येतो. दोन्ही घरांना ‘छान चाललंय’ सांगायची नोकरी तुझ्या एकटीच्या गळ्यात पडलीय. त्याला सांग, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आईला दहा मिनिटं फोन कर, तिकडे संध्याकाळ असते. शनिवारी सकाळी तुम्ही दोघं मिळून बोला. त्यांना वाईट वाटणार नाही, त्यांना हवा होता तोच आवाज मिळेल. आणि आईला सगळं खरं सांगू नकोस, पण सगळं खोटंही सांगू नकोस. ‘अजून रुळले नाहीये, क्लास लावतेय’ एवढं ऐकून कोणाची आई कोसळत नाही.

मराठी मंडळी शहरात भरपूर आहेत, भेट, पण नवऱ्याच्या ऑफिसमधल्या जोडप्यांपुरती राहू नकोस. तिथे तू कोणाची तरी बायको म्हणूनच जाशील.

डिसेंबरात तिथे साडेचारलाच अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, रस्ते सामसूम. पहिल्या हिवाळ्यात भल्याभल्यांचा जीव घाबरा होतो. दुपारी उजेड असताना बाहेर चाल, तुमच्या शहरात टेकडीवर चढणारे जिने शेकड्याने आहेत. पण झोप, भूक, मन, यांतलं काही दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं तर हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जा. तुझं स्वतःचं इन्शुरन्स कार्ड घेऊन, एकटी. इंग्रजी बोलणारे डॉक्टर शोधता येतात.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी प्रत्येक नव्या नवरीला माहीत असावी. तिथला तुझा परवाना सुरुवातीला लग्नावर टांगलेला असतो. एकत्र संसाराची तीन वर्षं जर्मनीत झाली की राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळू शकतो. छळ किंवा मारहाण असेल तर तीन वर्षं थांबण्याची सक्ती नाही. अशा बायकांसाठी ११६ ०१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, वेगवेगळ्या भाषांत. तुझ्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. पण तुझ्या वर्गात बसलेल्या एखादीला लागेल.

हे सगळं त्याला एका दमात ऐकवू नकोस, त्याला आरोपपत्र वाटेल. मुलगा एकटा राहून सगळं शिकला, आता बायकोला तो त्रास होऊ नये म्हणून धडपडतोय. तू कामं काढून घ्यायला लागलीस की पहिल्यांदा त्याला बरंही वाटणार नाही. म्हणेल, ‘दे इकडे, मी पाच मिनिटांत करतो.’ तेव्हा हसून सांग, ‘मला दोन तास लागू देत. चुकलं तर तू आहेस.’ डॉक्टरकडे तो येतोच म्हणाला तर येऊ दे, पण बाहेर बसू दे.

राहिला माहेरी जाण्याचा प्रश्न. पळून आल्यासारखी गेलीस तर परत यायची तारीख सरकत जाईल आणि आल्यावर सगळं तसंच असेल. कागदांसाठी जा. मान्यतेच्या अर्जाला डिग्री, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास दाखवणारा विद्यापीठाच्या शिक्क्याचा अभ्यासक्रम, इंटर्नशिपमध्ये कुठल्या विभागात किती आठवडे होतीस त्याचा दाखला, हॉस्पिटलचं अनुभवपत्र आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागेल. तासांचा कागद मेलवर मागून सहसा मिळत नाही, ऑफिसात जाऊन उभं राहावं लागतं. नक्की काय काय हवं ती यादी आधी प्रेझीडियुमच्या वेबसाइटवरून उतरवून घे. भाषांतर भारतात करून घेऊ नकोस, जर्मनीत शपथ घेतलेले भाषांतरकार असतात, त्यांच्याकडूनच कर. या कामाला महिना-दीड महिना पुरेल. कोर्सची तारीख आधी पक्की कर आणि परतीचं तिकीट त्याच्या आदल्या आठवड्याचं काढ.